हमीची किंमत

जपानमध्ये खेळण्यांच्या दुकानाबाहेर किंवा रेल्वे स्टेशनात एक ठेंगणं यंत्र हमखास दिसतं. नाणं घालायचं, मूठ पिळायची. आत खडखडतं आणि प्लॅस्टिकची एक गोल डबी खाली पडते. डबीत कुठलं खेळणं आहे ते उघडेपर्यंत कळत नाही. अमेरिकेतून ही यंत्रं जपानमध्ये आली ती १९६५च्या सुमारास, आणि १९७७ मध्ये बंदाई कंपनी या धंद्यात उतरल्यावर ती गल्लोगल्ली पोचली. मोबाइलवरच्या गाचा खेळांनी नाव आणि कल्पना दोन्ही इथूनच उचलली. एक गोष्ट मात्र उचलायची राहिली, आणि हे पुस्तक त्या राहिलेल्या गोष्टीविषयी आहे.

यंत्रातल्या डब्या मोजक्या असतात. आत पन्नास डब्या असतील आणि हवं ते खेळणं त्यांतल्या एकीत असेल, तर पन्नास नाणी टाकणाऱ्याच्या हाती ते पडणारच. नशीब वाईट म्हणजे किती वाईट, याला मर्यादा आहे. आपल्या भिशीत हेच असतं. दर महिन्याला चिठ्ठी निघते, कुणाचं नाव येईल सांगता येत नाही; पण निघालेली चिठ्ठी परत डब्यात जात नाही, त्यामुळे बारा जणांच्या भिशीत बाराव्या महिन्यापर्यंत प्रत्येकाचा नंबर लागतो. संगणकावरच्या सोडतीत मात्र चिठ्ठी दर वेळी परत डब्यात पडते. शंभरात एक शक्यता म्हणजे शंभर वेळा खेळलं की एकदा नक्की, असं आपल्याला वाटतं. हिशेब वेगळं सांगतो. शंभर माणसं प्रत्येकी शंभर वेळा खेळली तर साधारण ३७ जण रिकाम्या हाताने उठतील, आणि प्रत्येकी ३०० वेळा खेळली तरी जवळपास ५ जण तसेच राहतील. त्या पाच जणांना पुढे किती खेळावं लागेल, याला अंत नाही.

म्हणजे हवी ती वस्तू कितीला पडेल, या साध्या प्रश्नाचं उत्तर विकणाऱ्यालाही देता येत नाही. हमी येते ती इथे. 'नव्वद वेळा काही निघालं नाही तर नव्वदाव्या वेळी निघेलच' असं वाक्य खेळाच्या नियमांत आलं की त्या वस्तूला पहिल्यांदाच कमाल किंमत मिळते. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते: हमीकडे कंपनीची मेहरबानी म्हणून पाहू नये आणि निव्वळ सापळा म्हणूनही पाहू नये. ती किमतीची पाटी आहे, बहुतेक ठिकाणी अवघड अक्षरांत लिहिलेली. ती वाचता यावी म्हणून पुढची पानं आहेत.

नवख्या वाचकासाठी थोडी ओळख करून द्यायला हवी. गाचा खेळ फुकट उतरवून घेता येतो. त्यात कथा असते, लढाया असतात. चित्रं आणि संगीत अनेकदा अप्रतिम असतं. लढायला पात्रं लागतात, शस्त्रं लागतात, आणि ती सोडतीतून मिळतात. एका सोडतीला खेळाडू 'पुल' म्हणतात. ठरावीक दिवस एखाद्या पात्राची शक्यता वाढवून जी सोडत लावली जाते ती 'बॅनर'. पुल करायला खेळातलं चलन लागतं. ते रोज खेळून थोडं थोडं साठतं किंवा पैसे मोजून एकदम घेता येतं. आणि इतके पुल वाया गेले तर पुढचा वाया जाणार नाही, या नियमाला आपल्याकडची मुलंही 'पिटी'च म्हणतात. 'माझी पिटी सत्तरवर आहे', 'फिफ्टी-फिफ्टी हरलो', 'पुढचा गॅरंटीड आहे' ही वाक्यं पुण्या-मुंबईच्या कॉलेजांतल्या कट्ट्यांवर सहज कानावर पडतात. घरातल्या मोठ्यांना त्यांतलं काही कळत नाही, आणि पैसे पुष्कळदा त्यांच्याच खात्यातून जात असतात.

हमीची कल्पना गाचाच्या आधीची आहे. जपानी पाचिस्लॉट यंत्रांत, म्हणजे तिथल्या पार्लरमधल्या जुगारवजा खेळांत, ठरावीक डाव बक्षिसाविना गेले की बक्षीस आपोआप सुटण्याची सोय होती. तिला 'तेंजो', म्हणजे छत, म्हणत, आणि जपानी गाचा खेळाडू आजही हाच शब्द वापरतात. दुसरी वाट संगणकावरच्या युद्धखेळांतून येते. २००२ साली आलेल्या 'वॉरक्राफ्ट ३' मध्ये एखाद्या योद्ध्याचा जबर वार बसण्याची शक्यता २५ टक्के लिहिलेली असली, तरी पहिल्या वाराला ती प्रत्यक्षात सुमारे साडेआठ टक्केच असे. वार चुकत गेला की ती पायरीपायरीने वाढे आणि सरासरी २५वर येऊन बसे. हेतू इतकाच की निव्वळ दैवाने सामना हातचा जाऊ नये. तिथे पैशाचा संबंध नव्हता. पुढे हेच तंत्र दुकानात आलं आणि त्याचा अर्थ बदलला.

दुकान उभं राहिलं ते जपानमध्ये. २००४ साली 'मेपलस्टोरी'च्या जपानी आवृत्तीत गाचापोनची तिकिटं विकली जाऊ लागली होती. २०१० मध्ये कोनामीच्या 'ड्रॅगन कलेक्शन'ने मोबाइलवर या पद्धतीची कमाई किती असू शकते ते दाखवलं, आणि २०१२ मध्ये 'पझल अँड ड्रॅगन्स'ने ती स्मार्टफोनवर रुजवली. त्या सुरुवातीच्या वर्षांत सर्वांत क्रूर प्रकार होता 'कम्प्लीट गाचा'. ठरावीक पत्त्यांचा संच सोडतीतून पुरा केला तरच मोठं बक्षीस. वरवर पाहता यात वावगं काही दिसत नाही. पण सारख्या शक्यतेचे सहा पत्ते घ्या. पहिला नवा पत्ता पहिल्याच सोडतीत मिळतो. सहावा, शेवटचा राहिलेला, मिळवायला सरासरी सहा सोडती एकट्या लागतात आणि पूर्ण संचाला सरासरी १४.७. पत्ते दहा केले तर सरासरी २९च्या वर जाते. संच जितका पुरा होत जातो तितका पुढचा पत्ता महाग होतो, आणि नेमका तेव्हाच माणूस मागे फिरायला तयार नसतो. गणितात हा कूपन गोळा करणाऱ्याचा प्रश्न म्हणून जुना आहे. तो पौगंडावस्थेतल्या मुलांना पैसे घेऊन विकण्याचा धंदा नवा होता. मे २०१२ मध्ये जपानच्या ग्राहक व्यवहार संस्थेने ही पद्धत बक्षिसांविषयीच्या कायद्याचा भंग करते असं जाहीर केलं. बातमी फुटताच ग्री आणि डीएनए या दोन मोठ्या कंपन्यांचे समभाग कोसळले, आणि त्याच वर्षीच्या १ जुलैपासून कम्प्लीट गाचावर बंदी लागू झाली.

संचाची अट गेली, साधी सोडत राहिली, आणि तिला तळ नव्हताच. तो प्रश्न चव्हाट्यावर आला २०१६च्या जानेवारीत. सायगेम्सच्या 'ग्रॅनब्लू फँटसी'मध्ये माकडाच्या वर्षानिमित्त अंचिरा नावाचं पात्र आलं. ती मिळवण्यासाठी एका खेळाडूने थेट प्रक्षेपणात सोडतीमागून सोडती काढल्या आणि ती हाती येईपर्यंत जवळपास ७ लाख येन घालवले. शक्यता वाढवल्याची जाहिरात होती, पण नेमक्या या पात्राची शक्यता किती, हे खेळात लिहिलेलं नव्हतं. खेळाडूंचा संताप उसळला, कंपनीने माफी मागितली आणि मार्चमध्ये नवा नियम आणला: एका बॅनरवर ३०० पुल झाले की हवं ते पात्र सरळ निवडून घ्या. एक पुल ३०० येनचा. म्हणजे कमाल किंमत ९० हजार येन. आकडा मोठा आहे, पण तो आकडा आहे, हे महत्त्वाचं. जे कालपर्यंत अमर्याद होतं त्याला मर्यादा आली, आणि ती सरकारच्या हुकमाशिवाय, गिऱ्हाइकांच्या रागातून आली.

सगळे एकदम बदलले नाहीत. २०१५ मध्ये आलेल्या 'फेट/ग्रँड ऑर्डर'ने हमीशिवाय अनेक वर्षं अफाट कमाई केली आणि ३३० पुलांची हमी आणली ती २०२२ उजाडल्यावर. लोकप्रिय पात्रांवरचं प्रेम इतकं घट्ट असेल तर कंपनीला किमतीची पाटी लावण्याची घाई नसते.

आता या विषयाच्या केंद्रस्थानी असलेल्या खेळाकडे येऊ. चिनी कंपनी मिहोयोचा 'जेन्शिन इम्पॅक्ट' २८ सप्टेंबर २०२० रोजी जगभर एकाच वेळी आला, आणि त्याच्या नियमांची नक्कल आज इतके खेळ करतात की हे नियम समजले म्हणजे अर्धा प्रांत समजला. पात्रांच्या बॅनरवर पंचतारांकित पात्र निघण्याची मूळ शक्यता ०.६ टक्के. नव्वद पुलांत एक पंचतारांकित नक्की. हमी धरून एकत्रित शक्यता १.६ टक्के. निघालेलं पात्र बॅनरवरचंच असेल याची शक्यता सुरुवातीला निम्मी होती; दुसरंच निघालं तर पुढचं पंचतारांकित मात्र बॅनरवरचंच. म्हणजे सर्वांत वाईट नशिबात १८० पुल. बॅनर संपला तरी मोजणी पुसली जात नाही, त्याच प्रकारच्या पुढच्या बॅनरवर ती चालू राहते.

हे दोन आकडे, ०.६ आणि १.६, कंपनीने स्वतःच छापले आहेत. त्यांच्याकडे जरा थांबून पाहण्यासारखं आहे, कारण त्यांच्यात एक न सांगितलेली गोष्ट दडलेली आहे. समजा पहिल्या ८९ पुलांत शक्यता सरळ ०.६ टक्के राहिली आणि नव्वदाव्याला एकदम शंभर झाली. मग एका पंचतारांकितामागे सरासरी पुल पडतात ६९.७, आणि एकत्रित शक्यता येते १.४३ टक्के. कंपनी म्हणते १.६, म्हणजे सरासरी ६२.५ पुल. ही तफावत तेव्हाच भरून निघते जेव्हा नव्वदच्या आधीच कुठेतरी शक्यता चढू लागते. खेळाडूंनी आपापल्या लाखो पुलांच्या नोंदी एकत्र केल्या तेव्हा चढण साधारण ७४व्या पुलापासून सुरू होताना दिसली. हीच 'सॉफ्ट पिटी'. नियमावलीत तिचं नाव नाही, पण छापील आकड्यांची बेरीज तिच्याशिवाय जुळत नाही. या विषयातल्या अभ्यासाचं हे मला सर्वांत देखणं उदाहरण वाटतं: कागद, पेन्सिल आणि थोडा संशय एवढ्यावर बंद पेटीतलं यंत्र कसं आहे ते बाहेरून सांगता येतं.

आता याची किंमत मांडू. एका पुलाला १६० प्रायमोजेम, म्हणजे जेन्शिनमधलं चलन, लागतात, तेव्हा १८० पुलांना २८,८००. सर्वांत मोठा पॅक ९९.९९ डॉलरचा, पहिल्या खरेदीची दुप्पट सूट संपली की त्यातून ८,०८० मिळतात. पॅक तुकड्यांत विकत नाहीत, म्हणून चार घ्यावे लागतात. पडद्यावरच्या एका पात्राची कमाल किंमत सुमारे ४०० डॉलर. सरासरी खर्च याच्या निम्म्याच्या आसपास येतो, आणि रोज खेळून साठवलेलं चलन धरलं तर आणखी कमी. पण ही संख्या बॅनरवर कुठेही लिहिलेली नसते. डॉलरचे स्फटिक, स्फटिकांचे जेम, जेमच्या 'इच्छा' (पुलांचं जेन्शिनमधलं नाव), अशा तीन उड्या मारल्यावर ती सापडते, आणि उड्या मारता मारता पैशाचं पैसेपण विसरायला होतं.

याच हिशेबाची उलटी बाजू फारशी कुणी बोलत नाही. ज्याच्याकडे फक्त ६० पुल आहेत आणि मोजणी शून्यावर आहे, त्याला ९०ची हमी काय देते? काहीच नाही. साठ पुलांत बॅनरवरचं पात्र मिळण्याची शक्यता साधारण १८ टक्के. हमी नसती तरी तेवढीच असती. जी हमी गाठण्याइतकं चलन खिशात नाही ती त्या खेळाडूपुरती अस्तित्वातच नसते. तरी मनाला मात्र 'इथे गॅरंटी आहे' एवढंच लक्षात राहतं.

हमी रचण्याच्या पद्धतींची आता घराणी पडली आहेत. जेन्शिन ज्या मोजणीच्या घराण्यातला, त्यातच 'आर्कनाइट्स' आहे, आणि त्याची गायकी मला जास्त मोकळी वाटते: सहा तारांच्या पात्राची शक्यता २ टक्के, ५० पुल कोरडे गेले की पुढच्या प्रत्येक पुलाला आणखी २ टक्के, आणि हे सगळं खेळात उघड लिहिलेलं. ९९व्या पुलाला शक्यता शंभर टक्के होते. तिथे सॉफ्ट पिटी शोधून काढावी लागत नाही. त्याच घराण्यात आधी 'हर्थस्टोन' होता. त्याच्या पत्त्यांच्या पाकिटांत चाळिसाच्या आत एक लेजंडरी पत्ता येतोच, हे खेळाडूंनीच नोंदी ठेवून शोधलं होतं. दुसरं घराणं विनिमयाचं, ग्रॅनब्लूने सुरू केलेलं: प्रत्येक पुलाला एक गुण, ठरावीक गुण झाले की वस्तू निवडा. 'उमा मुसुमे'मध्ये हा आकडा २०० आहे. इथे निवड खेळाडूच्या हाती असते ही मोठी जमेची बाजू, पण गुण बहुधा बॅनरबरोबर संपतात. दीडशेवर थांबलेल्याचे दीडशे पाण्यात. तिसरं घराणं पेटीचं. पेटीत मोजक्या वस्तू, काढलेली परत जात नाही. मूळ यंत्राशी इमान राखणारं हेच, आणि बहुतेक वेळा ते उत्सवांपुरतं, स्वस्त बक्षिसांसाठीच वापरलं जातं, यातून काय ते समजावं. पायरीपायरीने सवलत वाढवणारे 'स्टेप-अप' प्रकारही आहेत. त्यांत नवं तत्त्व फारसं नाही.

घराणी एकमेकांकडून शिकतातही. जेन्शिनच्या शस्त्रांच्या बॅनरवर हवं ते शस्त्र कधीच न येण्याचा धोका होता. २०२१ मध्ये त्यावर हवं ते शस्त्र ठरवून गुण साठवण्याची सोय आली, आणि २०२४च्या ऑगस्टमध्ये लागणारे गुण दोनावरून एकावर आणले गेले. त्याच वेळी पात्रांची निम्मी-निम्मी शक्यता एकत्रित ५५ टक्क्यांवर गेली. त्याच वर्षी मे महिन्यात आलेल्या 'वदरिंग वेव्ह्ज'ने हमी ८० पुलांवर ठेवून बॅनरवरच्या शस्त्राबाबत फिफ्टी-फिफ्टी काढूनच टाकली होती. या दोन घटनांचा थेट संबंध कुणी कबूल केलेला नाही. पण किमतीच्या पाट्या समोरासमोर लागल्या की दुकानं एकमेकांकडे पाहतात, हा बाजाराचा जुना अनुभव इथेही खोटा ठरलेला दिसत नाही.

मनाचं काय होतं, हा या पुस्तकातला सर्वांत अवघड भाग. मॉन्टे कार्लोच्या कॅसिनोत १८ ऑगस्ट १९१३च्या रात्री रुलेटवर सलग २६ वेळा काळा आला आणि 'आता तरी लाल येणारच' म्हणत लोकांनी प्रचंड पैसे घालवले. चाकाला मागचं काही आठवत नसतं. म्हणून ही समजूत चुकीची, आणि पाठ्यपुस्तकांत ती जुगाऱ्याचा भ्रम म्हणून शिकवली जाते. पिटी असलेल्या खेळात मात्र यंत्राला मागचं आठवतं. सत्तर पुल कोरडे गेल्यावर 'आता येणारच' म्हणणारा मुलगा बरोबर बोलत असतो. त्याला 'हा भ्रम आहे' असं सांगणारे पालक किंवा समुपदेशक तिथेच विश्वास गमावतात, कारण त्याच्याकडे आकडे आहेत आणि यांच्याकडे नाहीत. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनरने पारव्यांवर आणि उंदरांवर दाखवलं की अनियमित बक्षिसाने प्राणी सर्वांत चिवटपणे कळ दाबत राहतो. क्लार्क हलने १९३२ मध्ये मांडलं की ध्येय जवळ आलं की उंदीर जोरात धावतो. पूर्वीचा जुगार पहिल्या तत्त्वावर चाले. हमी असलेला गाचा दोन्ही तत्त्वं एकत्र वापरतो: पहिल्या सत्तर पुलांत अनिश्चिततेची ओढ, शेवटच्या विसांत जवळ आल्याची.

आणि बुडीत खर्चाचं काय? गेलेल्या पैशाकडे पाहून पुढचा निर्णय घेऊ नये, हा अर्थशास्त्राचा साधा धडा. पण मोजणी पुढच्या बॅनरवर टिकत असेल तर गेलेले ७० पुल खरोखर शिल्लक असतात, ती एक प्रकारची ठेव असते. इथवर खेळाडूचं म्हणणं मला मान्य आहे. चूक पुढच्या पावलात होते: ठेव आहे म्हणून नको असलेल्या पात्रासाठी ती मोडायची. बॅनर संपायला दोन दिवस उरलेत, मोजणी ७८वर आहे, 'आता सोडून दिलं तर फुकट जाईल' असं वाटतं; वास्तविक टिकणाऱ्या मोजणीत काहीच फुकट जात नाही. विनिमयाच्या घराण्यात मात्र खरंच जातं. म्हणून कुठल्या खेळात मोजणी टिकते आणि कुठे पुसली जाते, हा प्रश्न मला मूळ शक्यतेच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा वाटतो.

संशोधक या सगळ्याकडे मुख्यतः जुगाराच्या अंगाने पाहत आले आहेत. डेव्हिड झेंडल आणि पॉल केर्न्स यांनी २०१८ मध्ये दाखवलं की लूट बॉक्सवर, म्हणजे आत काय आहे ते न कळता घ्यायच्या खेळातल्या पेट्यांवर, जास्त खर्च करणाऱ्यांत जुगाराच्या समस्याही जास्त आढळतात. कशामुळे काय होतं, हा प्रश्न त्यातून सुटत नाही, आणि त्यांनीही तो सुटला असा दावा केला नव्हता. हमी असलेल्या आणि नसलेल्या सोडतींत फरक करून पाहणारं काम त्या मानाने तुरळक आहे. माझ्या मते फरक मोठा आहे, दोन्ही दिशांनी: सर्वांत वाईट नुकसान हमीने आटोक्यात येतं आणि मध्यम खर्च करणाऱ्यांची संख्या तिने वाढते.

कायदा वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या दारांनी आत आला. चीनने १ मे २०१७ पासून शक्यता जाहीर करणं सक्तीचं केलं, त्याच डिसेंबरात अ‍ॅपलने आपल्या दुकानातल्या अ‍ॅपना तेच बंधन घातलं. बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे घेऊन विकले जाणारे लूट बॉक्स जुगारात धरले. नेदरलँड्समध्ये दंड झाला, पण मार्च २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने तो रद्द केला. दक्षिण कोरियात जानेवारी २०२४ मध्ये नेक्सॉनला १,१६० कोटी वॉनचा दंड झाला, कारण 'मेपलस्टोरी'तल्या क्यूब नावाच्या वस्तूच्या शक्यता खेळाडूंना न सांगता खाली आणल्या होत्या, काही तर शून्यावर. २२ मार्च २०२४ पासून तिथे शक्यता जाहीर करण्याचा कायदाच आला. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जेन्शिनच्या प्रकाशकाशी २ कोटी डॉलरवर तडजोड केली: सोळा वर्षांखालच्यांना पालकांच्या संमतीशिवाय लूट बॉक्स विकायचे नाहीत, शक्यता आणि चलनांचे विनिमय दर उघड सांगायचे. या शेवटच्या अटीत मला सर्वांत जास्त अर्थ दिसतो. शक्यता कळली तरी किंमत कळत नाही. विनिमय दर कळला की किंमत कळायला सुरुवात होते.

आपल्याकडे गाचा हे नाव घरोघरी पोचलेलं नाही, वस्तू पोचली आहे. फ्री फायरमधलं 'लक रॉयल', बीजीएमआयमधले क्रेट, हे सगळं याच कुळातलं. नाशिकच्या किंवा लातूरच्या मुलाने डायमंड आणि यूसी या त्यांतल्या चलनांचे भाव तोंडपाठ म्हणून दाखवले तर त्यात नवल नाही. यूपीआयमुळे पैसे जायला क्षण पुरतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला. त्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे, गाचाचं नाव त्यात नाही. पात्र जिंकून कुणाच्या खात्यात पैसे येत नाहीत, म्हणून तो जुगार नाही, असा युक्तिवाद होईल आणि तो पूर्ण चुकीचाही नाही. मग मला वाटतं, याला जुगाराच्या चौकटीत कोंबण्यापेक्षा विक्रीच्या चौकटीत आणावं. या देशात बिस्किटाच्या पुड्यावर कमाल किरकोळ किंमत छापावी लागते. 'हे पात्र जास्तीत जास्त इतक्या रुपयांना पडेल' ही ओळ बॅनरवर, रुपयांत, मोठ्या अक्षरांत छापायला सांगणं अशक्य नाही. हमी असलेल्या खेळाला ती लगेच छापता येईल. ज्याच्याकडे छापायला आकडाच नाही, त्याच्याविषयी गिऱ्हाईक आपोआप सावध होईल.

हे पुस्तक खेळू नका म्हणून सांगत नाही. या खेळांत काम करणारे चित्रकार, संगीतकार, कथाकार यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे, आणि एका पात्रावर जीव जडणं ही हसण्यासारखी गोष्ट नव्हे. पहिल्या भागात गणित आहे, शाळेत शिकलेल्या गुणाकारापलीकडे फारसं न जाणारं. दुसऱ्यात इतिहास आणि घराणी, तिसऱ्यात मन आणि कायदा. पालकांनी तिसऱ्यापासून सुरुवात केली तरी चालेल, पण मुलाशी बोलायला बसण्यापूर्वी पहिला भाग वाचून बसावं. खेळाडूंना पहिल्या भागातलं बरंच ठाऊक असेल. त्यांनी हमीपर्यंत पोचण्याइतकं चलन नसताना सुरुवात केली तर काय होतं, ते प्रकरण चुकवू नये. शिक्षकांना संभाव्यता शिकवायला यातली उदाहरणं फाशांपेक्षा जिवंत वाटतील असा माझा विश्वास आहे.

नियम आवृत्तीगणिक बदलतात, तेव्हा छापलेले आकडे जुने होणारच. म्हणून परिशिष्टातले तक्ते सूत्रांसह दिले आहेत. मूळ शक्यता, शक्यता कुठून चढते, हमीचा आकडा, बॅनरवरचं पात्र येण्याचं प्रमाण आणि एका पुलाचे रुपये, एवढं भरलं की कुठल्याही खेळातल्या बॅनरची सरासरी आणि कमाल किंमत निघते. मोजणी टिकते की पुसली जाते यासाठी शेजारी वेगळा रकाना ठेवला आहे.